खाटेला पडदा नव्हता

हिंगोली जिल्ह्यातल्या एका अंगणवाडी सेविकेचं पत्र आलं आहे. नाव-गाव छापू नका, असं त्यांनी दोनदा लिहिलंय. पत्र चार पानांचं आहे, त्यातला मुख्य भाग त्यांच्याच शब्दांत देते:

"एप्रिल २०२१ ला मला कोरोना झाला. ऑक्सिजन लागला म्हणून १७ दिवस दवाखान्यात होते. सहाव्या-सातव्या रात्रीपासून झोपच उडाली. वारलेले सासरे खाटेच्या पायथ्याशी धोतर आवरून बसलेले दिसायचे. भिंतीवर मुंग्याच मुंग्या. मी कुणाला बोलले नाही. मग एका रात्री मी सलाईन उपसून काढलं म्हणे, मला ते आठवत नाही. दुसऱ्या दिवशी सिस्टरनी टॅब आणला, त्यात मानसोपचाराच्या डॉक्टरबाई होत्या. त्यांनी मायेनं विचारलं, मी सगळं सांगून टाकलं. मास्कमुळं माझा आवाज त्यांना जाईना, म्हणून सिस्टर माझं बोलणं मोठ्यानं परत सांगायच्या. 'पेशंटला मेलेले सासरे दिसतात म्हणे.' शेजारच्या खाटेवर आमच्या पलीकडच्या गावची बाई होती. मी घरी यायच्या आधी ही गोष्ट गावात पोचली. हिला तवा येड लागलं होतं, असं अजून कुणी कुणी म्हणतं. आता सहा महिन्यांपासून परत झोप नाही. पहाटे ३ ला जाग येते. १०८ गाडीचा आवाज आला की हातपाय गार पडतात. तालुक्याचे डॉक्टर म्हणतात, मानसोपचारवाल्यांना व्हिडिओ कॉलवर दाखवा, नांदेडला जायची गरज नाही. भाऊ म्हणतो, मोबाईलवर कुठं मनाचा इलाज होत असतो का. मला पण राग येतो. पण खरं सांगू का मॅडम, त्या १७ दिवसांत मला एका माणसाचा चेहरा दिसला, त्या टॅबमधल्या बाईंचा. बाकी सगळे किटात. तो चेहरा अजून आठवतो. मला येड लागलं होतं का? परत मोबाईलवर बोलू का नको? आणि त्या बाई आता कुठं सापडतील?"

ताई,

आधी येडाचं बोलू, कारण बाकी सगळं त्याखाली दबलंय.

तुमच्या घरात कुणी जुनं माणूस असेल तर विचारा, टायफॉइडच्या किंवा न्यूमोनियाच्या जोरात माणूस बरळायला लागला की ते काय म्हणायचे. "तापात वात झाला" म्हणायचे. कुणी त्याला येडा ठरवत नव्हतं. ताप उतरला की वात उतरायचा, माणूस उठून भाकरी मागायचा. डॉक्टरी भाषेत ह्याला डेलिरियम म्हणतात. शरीर गंभीर आजारी असलं की मेंदूचं भान काही काळ सुटतं. हे रात्री वाढतं, दिवसा निवळतं, आणि मधलं बरंचसं नंतर आठवत नाही. समोर नसलेली माणसं, मुंग्या, किडे दिसणं तर ह्यात नेहमीचं. पत्रावरून निदान पक्कं करता येत नाही, करूही नये. पण मी मानसोपचाराची डॉक्टर, तुम्ही लिहिलेलं चित्र मी कोरोनाच्या त्या दोन वर्षांत इतक्यांदा पाहिलंय की वाचताना ते वॉर्ड डोळ्यांपुढं आले.

तुम्ही स्वतः "माझे कुटुंब, माझी जबाबदारी" मोहिमेत दारोदार ऑक्सिमीटर घेऊन फिरलेल्या असणार. ऑक्सिजन उतरला की माणूस कसा गोंधळतो हे तुम्ही पाहिलं असेल. त्यात भर घाला: अंगात ताप, रात्रंदिवस चालू असलेले दिवे, ना खिडकी ना घड्याळ, शेजारी कुणीतरी दगावलेलं, आणि ऑक्सिजनवरच्या बहुतेक पेशंटांना दिलं जाणारं स्टेरॉइड. त्या औषधानं खूप जीव वाचले, पण झोप उडवणं, मन सैरभैर करणं हाही त्याचा गुण आहे. एवढं सगळं एकाच मेंदूवर आलं तर सासरे दिसण्यात नवल नाही. आणि दिसायला तेच का दिसले, तर बहुधा ते तुमच्या जिव्हाळ्याचे होते म्हणून. धोतर आवरून बसायची त्यांची लकबसुद्धा तुमच्या ध्यानात आहे.

तेव्हा गावात कुणी परत काढलं, तर "वात झाला होता, ऑक्सिजन कमी पडला होता" एवढंच म्हणा. जास्त समजावत बसू नका. जे बोलतात त्यांच्याही घरात त्या वर्षी कुणीतरी असंच बरळलं असेल.

आता तुमच्या रागाबद्दल. तो रास्त आहे. त्याला योग्य ठिकाणी नेऊन ठेवायला हवं, कारण आज तो मोबाईलवर चाललाय आणि भाऊ त्याला हवा देतोय.

त्या दिवशी डॉक्टरबाई लांब होत्या म्हणून तुमचं काही बिघडलं का? तुमचं पत्र तर उलट सांगतं. त्या लांब होत्या म्हणूनच त्यांना मास्क लावावा लागला नाही, आणि १७ दिवसांत एक उघडा चेहरा तुमच्या वाट्याला आला. हे मी कितीतरी पेशंटांकडून ऐकलंय. किटातली माणसं पाठीवर मार्करनं लिहिलेल्या नावावरून ओळखायची, आवाज सगळे सारखेच घुमायचे. अशात टॅबवर कुणीतरी हसलेलं दिसलं की माणसं ढसाढसा रडायची. मी स्वतः त्या काळात दुसऱ्या इमारतीतल्या एका लहान खोलीत बसून वॉर्डातले पेशंट पडद्यावर बघत होते. एका बाईंनी मला पहिला प्रश्न काय विचारला असेल? "तुम्ही पान खाता का?" माझे दात दिसले होते त्यांना. कितीतरी दिवसांनी कुणाचे दात पाहिले, म्हणाल्या.

तुमचं बिघडलं ते दुसऱ्या जागी. खाटेला पडदा नव्हता, कानाला इअरफोन नव्हता, आणि तुमचं मन तुमच्या तोंडून न जाता सिस्टरच्या तोंडून, पन्नास माणसांच्या वॉर्डात मोठ्यानं गेलं. सिस्टरला मी दोष देणार नाही. किटाच्या आत घामानं निथळत, एका हातात टॅब धरून ती तुमचा आवाज पोचवायचा प्रयत्न करत होती. पण व्यवस्थेनं आडोसा करायला हवा होता, आणि पेशंटला विचारायला हवं होतं की, बाई, आता इथं बोलायची तुमची तयारी आहे का? घाई होती, माणसं मरत होती, हे खरंच. तरीही दोन खाटांमध्ये एक चादर बांधायला किती वेळ लागतो?

आणि हा नुसता माणुसकीचा मामला नाही. देशात मानसिक आरोग्यसेवेचा कायदा आहे, २०१७ सालचा, तो २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्याच्या २३ व्या कलमात रुग्णाच्या मानसिक आजाराची, उपचाराची माहिती गुप्त ठेवायचा हक्क दिलाय. फोनवरून किंवा व्हिडिओवरून तपासायचे नियमही टाळेबंदी लागली त्याच दिवशी, २५ मार्च २०२० ला, केंद्रानं काढले. त्यात असं आहे की पेशंटनं स्वतः कॉल लावला तर त्याची संमती धरायची. पण सिस्टर, नातेवाईक किंवा डॉक्टर यांनी लावून दिला तर पेशंटला स्पष्ट विचारायचं, आणि कॉल मध्येच थांबवायची मुभा पेशंटलाही आहे. तुम्ही त्या दिवशी "आत्ता नको" म्हणू शकत होता. ते तुम्हाला कुणी सांगितलं नाही, ही चूक तुमच्या बाजूची नव्हे.

माझी एक चूक सांगते. त्याच काळातली. जालन्याकडचे एक आजोबा होते, सत्तरीचे. तीन दिवस मी त्यांना पडद्यावर पाहिलं. काहीही विचारलं की मान हलवून "बरं हाय" म्हणायचे. जेवता का? बरं हाय. झोप येते का? बरं हाय. घरची आठवण येते का? बरं हाय. नजर माझ्याकडं नाही, चेहऱ्यावर काही नाही. मी कागदावर लिहिलं की पेशंट फारसं बोलत नाही, उदास वाटतो, आणि उदासीनतेची गोळी सुरू केली. चौथ्या दिवशी ड्युटीवर वेगळे ब्रदर आले. त्यांनी औषधाच्या खोक्याची पाठ फाडून त्यावर पेननं मोठ्या अक्षरांत लिहिलं, "झोप लागते का?" आणि आजोबांपुढं धरलं. आजोबांनी ते बोट फिरवत वाचलं आणि एकदम बोलायला लागले. त्यांना ऐकूच येत नव्हतं! कानातली मशीन घरी राहिली होती. त्या गोंगाटात टॅबमधली बाई ओठ हलवतीये एवढंच त्यांना दिसत होतं, आणि डॉक्टरला नाराज कशाला करायचं म्हणून ते बरं हाय म्हणत होते. मी खाटेपाशी उभी असते तर पहिल्याच मिनिटाला कळलं असतं. गोळी त्याच दिवशी बंद केली. घरच्यांना फोन करून मशीन मागवली, ती दुसऱ्या दिवशी डब्यातून आत गेली.

हे सांगितलं कारण तुमचा भाऊ जे म्हणतो त्यात थोडं तथ्य आहे, आणि ते मी झाकून ठेवणार नाही. पडद्यावरून हाताची थरथर नीट दिसत नाही. पेशंटच्या अंगाला येणारा वास, सुटलेलं लुगडं, नखं कुरतडलेली, दारात उभ्या असलेल्या नवऱ्याकडं बघून आवरलेला हुंदका, ह्यातलं बरंच निसटतं. कुणी आपल्याविरुद्ध कट करतंय असं ज्याला आजारामुळं वाटतं, त्याच्यापुढं अचानक बोलणारा टॅब धरणं तर क्रूरच. असे पेशंट पडद्याकडं पाठ करून बसायचे, आणि मला त्यांचं चुकलं असं वाटत नाही.

पण मराठवाड्यात राहणाऱ्या माणसानं मोबाईलवरचा इलाज सरसकट मोडीत काढणं परवडणारं नाही, हेही भावाला सांगा. तुम्ही ॲडमिट होता तेव्हा राज्यातली चार प्रादेशिक मनोरुग्णालयं होती ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीला. आपल्या आठ जिल्ह्यांत एकही नव्हतं. आपल्याकडं अजून "येरवड्याला पाठवतील", म्हणजे पुण्याच्या मनोरुग्णालयात, अशी भीती घालतात, ती त्यातूनच आली. डॉक्टर लांब म्हणून लोक वर्षानुवर्षं दाखवत नाहीत, देवऋषी मात्र गावातच असतो. जो इलाज खिशातल्या फोनवर येऊ शकतो, तो आपल्यासाठी चैन नाही.

मग तुम्ही काय करावं? पहिल्यांदा समोरासमोर जा. एकदाच. हिंगोलीच्या जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्य विभागात चौकशी करा, डॉक्टर कोणत्या वारी असतात ते आधी फोन करून विचारा, नाहीतर अख्खा दिवस जातो आणि कळतं की ते शिबिराला गेलेत. नांदेडच सोयीचं पडत असेल तर नांदेड. पहिल्या भेटीत डॉक्टर रक्तदाब बघतील, हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासायला सांगतील. सहा महिने झोप नाही, धडधड आहे, म्हटल्यावर हे बघायलाच हवं. बायकांची धडधड नुसती "टेन्शन" म्हणून सोडून देऊ नये. पुढच्या भेटी व्हिडिओवर खुशाल होऊ द्या. सवय लागू शकणाऱ्या काही गोळ्या फोनवर लिहून द्यायला डॉक्टरांवर बंधनं आहेत, तेव्हा एखाद्या वेळी ते "ह्यासाठी यावंच लागेल" म्हणाले तर टाळतायत असं समजू नका.

व्हिडिओवर बोलायचं तर आडोसा तुम्ही आधी शोधा. घरात सासू, मुलं, पातळ पत्रे. तिथं नको. दुपारी मुलं गेल्यावर अंगणवाडीची खोली रिकामी असते, मदतनीस ताईंना अर्धा तास लवकर घरी पाठवा. नाहीतर शेतातला आखाडा आहेच, फक्त रेंज येते का ते आदल्या दिवशी बघून या. वायरचे इअरफोन घ्या, साधे चालतील. म्हणजे डॉक्टरांचे प्रश्न कुणाला ऐकू जाणार नाहीत. मोबाईल हातात धरू नका, हात दुखतो आणि लक्ष त्यातच राहतं. डाळीच्या डब्याला टेकवून ठेवा, उजेड तोंडावर येईल असा, आणि खांद्यापासून हातापर्यंत दिसेल एवढा लांब.

कॉल लागला की तुमचं पहिलं वाक्य तक्रारीचं नको, अटीचं असू द्या: "मॅडम, मागच्या वेळी माझं बोलणं सगळ्या वॉर्डानं ऐकलं होतं. तुमच्या खोलीत आत्ता कोण कोण आहे?" विचाराच. लाजू नका. मला एका पेशंटनं असं विचारलं तेव्हा माझ्या मागं ज्युनिअर डॉक्टर बसलेल्या होत्या, कॅमेऱ्यात येत नव्हत्या. मी त्यांना पुढं बोलावून ओळख करून दिली आणि पेशंट नको म्हणाला म्हणून त्या बाहेर गेल्या. रेकॉर्डिंग होतंय का, हेही विचारा. डॉक्टरांशी एक वाक्यही ठरवून ठेवा. बोलता बोलता कुणी आलं तर तुम्ही म्हणायचं, "पोषण आहाराचा हिशोब उद्या देते", म्हणजे डॉक्टर समजतील आणि हो-नाही मध्ये उत्तर देता येईल असंच विचारतील. कॉल कट झाला तर परत कोण लावणार, तेही सुरुवातीलाच ठरवा. रेंज गेली की पेशंटला वाटतं डॉक्टरनं फोन आपटला, आणि इकडं आम्हाला वाटतं पेशंट चिडला.

पहाटे ३ ला जाग येते, त्याबद्दल थोडं. औशाकडच्या एक आजी माझ्याकडं यायच्या. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झाला, हे तुम्हाला माहीत असेल. त्या आजींना वीस वर्षांनंतरही साडेतीनला जाग यायची, आणि चार वाजून गेल्याशिवाय त्या पाठ टेकत नसत. शरीर वेळ धरून ठेवतं. वॉर्डात पहाटे काय व्हायचं? कुणाचा ऑक्सिजन उतरायचा, कुणाला हलवायचे? सायरनचा आवाज आला की तुमचे हातपाय गार पडतात, त्यावरून मला वाटतं १७ दिवसांतली काही भीती अजून निघालेली नाही. तिच्यावर बोलण्याचे उपचार आहेत, चांगले आहेत, लागल्यास गोळ्याही आहेत. मात्र रोज पहाटे जाग येणं हे उदासीनतेचंही लक्षण असतं. म्हणून डॉक्टरांना जाग किती वाजता येते, आणि उठल्यावर पहिला विचार कोणता येतो, हे दोन्ही सांगा. आणि सहा महिन्यांपूर्वी काय झालं होतं ते आठवून बघा. कुणी आजारी पडलं? कुणाला दवाखान्यात न्यावं लागलं? पत्रात ते नाही.

अजून एक तुम्ही लिहिलेलं नाही, पण मी विचारणारच. जगून काय करायचं, असं मनात येतं का? आलं तर वार बघत बसू नका, व्हिडिओची वेळ घेत बसू नका. जवळचा सरकारी दवाखाना गाठा, कुणाला तरी सोबत घेऊन. आणि रात्री कुणी जवळ नसेल तेव्हा १४४१६ हा सरकारच्या टेली-मानस हेल्पलाइनचा नंबर आहे. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, पैसे पडत नाहीत, २४ तास चालतो, मराठीत बोलतात. समुपदेशक आधी ऐकून घेतात, गरज वाटली तर तज्ज्ञांकडं जोडून देतात. पहाटे ३ ला नुसती झोप येत नाही म्हणून लावला तरी चालतो.

भाऊ तुमच्या काळजीनंच बोलतो, हे पत्रातून कळतं. त्याला पहिल्या भेटीला सोबत न्या, बाहेर बसवा. तुमच्या उपचारात तुमच्या वतीनं कुणी बोलायचं, हे मात्र तुम्ही ठरवायचं. त्याच कायद्यात नामनिर्देशित प्रतिनिधी नेमायची सोय आहे. साध्या कागदावर नाव लिहून सही केली तरी पुरतं. तो भाऊ असू शकतो, नवरा असू शकतो, किंवा तुमची एखादी सेविका मैत्रीण. घाईनं लिहू नका, पण अशी सोय आहे हे ठाऊक असू द्या.

राहिल्या त्या डॉक्टरबाई. सापडू शकतात. कायद्याच्या २५ व्या कलमानं तुमच्या उपचाराची कागदपत्रं मिळवायचा हक्क तुम्हाला आहे. त्या दवाखान्याच्या रेकॉर्ड विभागात अर्ज द्या. डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स, आधार कार्ड, ॲडमिट झाल्याची आणि सुट्टी मिळाल्याची तारीख जोडा, अर्जाची पोच घ्या. मानसोपचाराचा अभिप्राय ज्या पानावर आहे त्याखाली नाव किंवा सही असेल. ते पान नव्या डॉक्टरांनाही दाखवा, तेव्हा कोणतं औषध दिलं होतं ते त्यांना कळेल. नाव मिळालं आणि त्या अजून ह्या भागात असल्या, तर पुढचे उपचार त्यांच्याकडंच घ्यायलाही काही हरकत नाही, समोर बसून किंवा पुन्हा पडद्यावर, जसं तुम्हाला बरं वाटेल तसं.

आणि भेट झाली तर "तुमचा चेहरा आठवतो", एवढं त्यांना नक्की सांगा. पलीकडं बसलेल्या आम्हा लोकांना, कॉल बंद झाल्यावर त्या खाटेवरच्या माणसाचं पुढं काय झालं, हे बहुतेक वेळा कधीच कळलं नाही. मीही अजून काही खाटांचे नंबर विसरलेले नाही.